घरात माणसं तीन, गाडीत सीटा सात

या वेळी पत्रं बहुतेक सगळी एकाच विषयावर आलीत, मोठ्या गाड्या. कुणी घ्यायची म्हणून विचारतंय, कुणी शेजाऱ्याने घेतली म्हणून वैतागलंय. त्यामुळे सीएनजी किटचे आणि इन्शुरन्सचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज हाच विषय. पहिलं उत्तर लांबलंय, पण तो प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : कर्वेनगरात आमची सोसायटी आहे, १९९२ साली बांधलेली, चोवीस फ्लॅट. तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटरच जास्त, गाड्या म्हणजे चार-पाच मारुती ८०० आणि एक पद्मिनी. आता खाली उतरलं की नुसत्या उंच उंच गाड्या, दोन गाड्यांच्या मधून भाजीची पिशवी घेऊन जाता येत नाही. तेव्हा घरटी पाच-सहा माणसं होती, आता दोन-तीन. माणसं कमी झाली आणि गाड्या मोठ्या झाल्या, हे उलटं कसं काय? पैसा जास्त झालाय की नुसती हौस?
(एक निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर : सर, तुम्ही जे बघताय ते फक्त कर्वेनगरात नाही, सगळीकडे चाललंय. २०२४-२५ मध्ये देशात ४३ लाखांच्या आसपास प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या जवळजवळ २८ लाख एसयूव्ही, म्हणजे या उंच गाड्या, आणि सात सीटवाल्या मिळून, म्हणजे शंभरातल्या ६५. आदल्या वर्षी हाच आकडा ६० होता. आणि २०२४ साली देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी टाटा पंच, चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा पहिल्या नंबरावर मारुतीची गाडी नव्हती.

आता तुमच्या भाजीच्या पिशवीचं बघू. मागच्या रविवारी मी आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये टेप घेऊन उतरलो. कोपऱ्यात एका आजोबांची मारुती ८०० अजून उभी आहे, तिची रुंदी भरली १४४ सेंटिमीटर. शेजारी नेक्सॉन, ती १८०. पलीकडे एक्सयूव्ही ७००, ती १८९, आणि हे सगळं आरसे मिटून बरं का. आमच्या पार्किंगमधले पट्टे अडीच मीटरवर मारलेत. त्यात ८०० उभी केली की मीटरभर जागा उरते, एक्सयूव्ही उभी केली की जेमतेम दोन फूट, तीही दोन बाजूंना वाटून. आणि माणसाला अंग न चोरता उतरायचं तर दार पावणेदोन फूट तरी उघडावं लागतं. तुमची पिशवी अडकते ती इथे. जागा आहे तेवढीच आहे, गाडी बरोबर एक हात रुंद झालीये.

पण गंमत बघा, रुंदी वाढली, उंची वाढली, लांबी मात्र एका ठिकाणी येऊन थांबली. नेक्सॉन, ब्रेझा, सोनेट, व्हेन्यू, अगदी बोलेरोसुद्धा, कंपन्या वेगवेगळ्या आणि लांबी सगळ्यांची ३९९५ मिलिमीटर. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. हे आलंय सरकारच्या करातून. २००६ च्या बजेटमध्ये लहान गाडीची व्याख्या ठरली, लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत, आणि अशा गाडीची एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, २४ टक्क्यांवरून १६ वर आणली. हेतू चांगला होता, लहान गाडी स्वस्त व्हावी. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची डिकी आखूड करून इंडिगो सीएस काढली ती याच रेषेत बसण्यासाठी. २०१७ ला जीएसटी आला तरी रेषा तीच राहिली, आतल्या गाडीला २९ ते ३१ टक्के आणि मोठ्या एसयूव्हीला सेस धरून ५० पर्यंत. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून आतल्यांना १८ आणि बाकी सगळ्यांना ४०. कायद्याने लांबी बांधली, उंचीबद्दल आणि रुंदीबद्दल काही म्हटलं नाही, मग डिझाइनवाले वर आणि बाजूला सरकले. तोंड चौकोनी, बॉनेट उंच, चाकांभोवती काळं प्लास्टिक, छतावर रेल. त्यामुळे तुमच्या पार्किंगमधल्या निम्म्या 'मोठ्या' गाड्या आतून हॅचबॅकच, म्हणजे वॅगनआरसारख्या मागे वेगळी डिकी नसलेल्या लहान गाड्याच, आहेत हो, पंच आणि टाटांचीच हॅचबॅक अल्ट्रोझ तर एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे खालच्या त्याच सांगाड्यावर, बनतात. सीट पाच, जागा तेवढीच, फक्त दिसायला थोराड.

खरोखरच्या मोठ्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती गावाकडून सुरू होते. आपल्याकडे मोठी गाडी म्हणजे कामाची गाडी असायची, कोल्हापूर-सांगलीकडचं वडाप आठवा, ट्रॅक्स नाहीतर कमांडर जीप, आत चौदा-पंधरा माणसं आणि मागच्या फूटबोर्डावर आणखी दोन लोंबकळलेली. लग्नाचं वऱ्हाड, बाजार, दवाखाना, सगळं तिच्यातूनच. १९९४ ला पुण्याची टाटा सुमो आली (सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं घेऊन ठेवलेलं नाव, जपानी पैलवानांशी काही संबंध नाही). सुमो घरच्या लोकांनीही घेतली पण तिचा बाज वडापचाच राहिला. २००० ला क्वालिस आली, २००५ ला तिच्या जागी इनोव्हा, आणि तिथे पहिल्यांदा सात माणसांची गाडी कारसारखी आरामात चालली. नाशिकला बनणारी स्कॉर्पिओ २००२ ची, तिने रुबाब आणला. मग २०१२ मध्ये अर्टिगा आणि डस्टर, २०१५ ला क्रेटा, पुढची यादी तुमच्या पार्किंगमध्ये उभीच आहे.

त्या २०१२ च्या आसपास आणखी एक गोष्ट झाली जी आता लोक विसरलेत. पेट्रोलचे भाव २०१० ला मोकळे केले होते पण डिझेलवर सबसिडी होती, ती ऑक्टोबर २०१४ पर्यंत. मधल्या काळात एका लिटरमागे तीस रुपयांच्या वर फरक पडला होता. जड गाडी पोसायला डिझेल लागतं आणि डिझेल स्वस्त, मग मोठी गाडी लहान गाडीच्या खर्चात चालायला लागली. पुढे डिझेल महागलं, पण तोपर्यंत उंच बसायची सवय लागली होती आणि ती सवय काही सुटली नाही.

आणि उंच बसण्याला मी नावं ठेवणार नाही. माझ्या आईचे गुडघे गेलेत. सेडानमध्ये, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या बुटक्या गाडीत, बसायचं म्हणजे आधी खाली बुड टेकवायचं मग एक पाय उचलून आत घ्यायचा, उतरताना तर मी दोन्ही हात धरून ओढतो. स्कॉर्पिओत उलटं, पायरीवर चढायचं आणि वरची दांडी पकडायची, साडी नेसलेल्या बाईला ते अवघड. पण या मधल्या उंचीच्या गाड्या आहेत ना, त्यांची सीट बरोबर खुर्चीच्या उंचीला येते, बुड टेकवलं की वळायचं, झालं. शोरूममध्ये बघा, सनरूफ पोरं बघतात, पण पसंती आईवडील एकदा बसून उठले की होते.

रस्त्यांचं तर काय सांगायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असा सांगितलाय, म्हणजे हळूच चढ आणि हळूच उतार. आपल्या गल्लीत तो उरलेल्या डांबराचा उंबरठा असतो. वॅगनआरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्त्यापासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर, १६५ मिलिमीटर, नेक्सॉनचा २०८. पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडी इंच-दीड इंच खाली बसते, मग खाली 'खर्रर्र' आवाज येतो आणि पोटात गोळा येतो, इंजिनखालचा ऑइलचा चेंबर फुटला का म्हणून. ज्याने एकदा फुटलेल्या चेंबरचं बिल भरलंय तो पुढच्या वेळी उंचच गाडी घेतो, त्याला हौस म्हणणं मला बरोबर वाटत नाही. महापालिकेने रस्ता नीट केला नाही त्याचे पैसे तो माणूस शोरूममध्ये भरतोय.

आता पैशाचं. सर, पैसा सगळ्यांकडे वाढलेला नाही, इथेच खरी गोम आहे. २०१९ ला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम न होऊ देणारी सोय) सक्तीचं झालं, एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम, मग पुढच्या दोन्ही सीटांना एअरबॅग. हे सगळं व्हायलाच हवं होतं, माणसं वाचतात त्याने. पण हा खर्च पंधरा लाखांच्या गाडीत मुरतो, चार लाखांच्या गाडीत डोळ्यावर येतो. मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव बरीच वर्षं हेच सांगतायत की टू-व्हीलरवरून पहिल्या गाडीवर येणारा माणूस मागेच राहिला. म्हणजे लहान गाडी घेणारा माणूस बाजारातूनच कमी झाला, आणि जो उरला त्याला बँक सात वर्षांचं लोन देते. शोरूममध्ये किंमत कुणी बोलतच नाही, बोलतात ते 'महिन्याला फक्त चार हजार जास्त पडतील सर'. कंपन्यांनाही एका मोठ्या गाडीत जास्त सुटतात, त्यामुळे लहान गाड्यांची मॉडेलं एकेक करून बंद होत गेली. आज दहा-बारा लाख घेऊन गेलात आणि उंच नको म्हणालात तर दाखवायला पूर्वीइतक्या गाड्या नसतात.

माणसं कमी आणि सीटा जास्त का, तर गाडी एकच घ्यायची असते. रोज ऑफिसला एकटा, रविवारी तिघं, आणि वर्षातून चारदा गावाहून आई-बाबा, बहीण-मेव्हणे, भाचरं. माणूस गाडी घेताना त्या चार दिवसांचा विचार करतो, बाकीच्या तीनशे साठ दिवसांचा करत नाही. मला यात प्रेम दिसतं, सगळ्यांना एका गाडीत घेऊन जायची इच्छा आहे ती. पण त्या तीनशे साठ दिवसांचं भाडं तुम्ही भरताय सर, पिशवी डोक्यावर धरून, आणि गल्लीत ज्याची स्कूटर अडकते तो भरतोय. मला राग येतो तो याचा, की ज्याने गाडी घेतलेलीच नाही त्याच्या वाट्याचा रस्ता कमी झाला आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

सोसायटीत एक करता येईल. गाड्या जास्त आणि जागा कमी असेल तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जागा द्यायची सोय आदर्श उपविधींमध्ये आहे. मिटींगमध्ये विषय घ्या, लांब-रुंद गाड्या कडेच्या जागांवर, लहान गाड्या खांबांच्या मध्ये, आणि जिन्यासमोरचा तीन फुटांचा पट्टा पिवळा रंगवून कायमचा मोकळा. आमच्याकडे दोन मिटींगा भांडणात गेल्या, तिसरीत झालं.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. घरात सहा जण, सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे, आम्ही दोघं, मुलगा बारा आणि मुलगी आठ. गाव संगमेश्वरजवळ. गणपती, होळी आणि मे महिना असे तीनदा जातो. सध्या वॅगनआर आहे, तिच्यात सगळे मावत नाहीत म्हणून हे ट्रेनने आणि आम्ही गाडीने असं होतं. अर्टिगा घ्यावी का? एरवी हे लोकलने ऑफिसला जातात.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, आधी मागच्या सीटवर स्वतः बसून बघा, शोरूममध्ये दोन मिनिटं नाही, टेस्ट ड्राइव्हला अर्धा तास. मधल्या सीटवर साहेबांना बसवा, त्यांना हवं तेवढं मागे सरकू द्या, आणि मग सांगा तुमचे गुडघे कुठे येतात. तिसऱ्या रांगेत बहुतेक सगळ्याच गाड्यांत मांड्या सीटला टेकत नाहीत, गुडघे वर छातीशी, आणि डोक्यामागे वीतभर अंतरावर काच. तिथे आठ-दहा तास सासूबाईंना बसवायचं नाही, तिथे मुलंच बसणार, आणि घाटात मागे बसलेल्या मुलांनाच आधी उलट्या होतात.

दुसरं सामान. अर्टिगात सातही सीटा उभ्या असल्या की मागे २०९ लिटर जागा उरते, दोन मध्यम बॅगा उभ्या ठेवल्या की संपली. ट्रायबरमध्ये तर ८४ लिटर. आणि तुम्ही येताना काय आणता ते मला माहितीये, तांदळाची गोणी, वीस-पंचवीस नारळ, सोलं, मे महिना असेल तर आंब्याच्या पेट्या आणि एक फणस. ते कुठे ठेवणार? मग वर कॅरिअर लागतं, आणि उंच गाडीच्या डोक्यावर मणभर वजन घेऊन घाट उतरायचा, हे मला अजिबात पटत नाही.

वॅगनआरच्या मानाने चार-पाच लाख जास्त जातील. तुमचं वर्षाचं जाणं-येणं सहा वेळा. मी तुमच्या जागी असतो तर वॅगनआर ठेवली असती, ती गावात, बाजारात, दवाखान्यात जायला उत्तम आहे, आणि त्या तीन वेळांना ड्रायव्हरसकट मोठी गाडी ठरवली असती. फक्त गाडी पिवळ्या नंबरप्लेटची घ्या. ओळखीतला कुणीतरी पांढऱ्या प्लेटची इनोव्हा स्वस्तात देतो म्हणतो, ती भाड्याने द्यायला परवानगी नसते आणि काही झालं तर इन्शुरन्स कंपनी हात वर करते. गणपतीची गाडी जुलैतच सांगून ठेवा. किंवा आई-बाबांना ट्रेनच द्या, कोकण रेल्वेचं बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला बसायची तयारी ठेवा, झोपून जाता येतं हे म्हाताऱ्या माणसांसाठी कुठल्याही कॅप्टन सीटपेक्षा भारी आहे.

पण हेही सांगतो, तुम्ही सहाही जण जर दर रविवारी कुठे ना कुठे एकत्र जात असाल, देवळात, नातेवाइकांकडे, आणि सासऱ्यांना दर महिन्याला मुंबईत हॉस्पिटलला न्यावं लागत असेल, तर मात्र खुशाल अर्टिगा घ्या आणि कुणाचं ऐकू नका. सहा माणसं एका गाडीतून जाणं हा त्या गाडीचा सगळ्यात चांगला उपयोग आहे. हिशेब एवढाच करा की महिन्यातून किती वेळा सहा जण बसणार.

प्रश्न : आमचं बाळ सव्वा वर्षाचं आहे. मिस्टरांचं म्हणणं, मुलासाठी मोठी आणि जड गाडीच सेफ. मला चालवायलाही ती मोठी वाटते. मोठी गाडी खरंच सेफ असते का?
(एक आई, नाशिक)

उत्तर : आत बसलेल्याला थोडीफार, बाहेरच्याला अजिबात नाही.

जड आणि हलकी गाडी समोरासमोर आली तर हलक्या गाडीतल्या माणसाला जास्त लागतं, हे खरंय. पण गाडी मोठी दिसते म्हणून मजबूत असते असं नाही. गाडी मुद्दाम आपटून बघतात त्या क्रॅश टेस्टचे स्टार बघा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल एनकॅप या परदेशी टेस्टचे पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन होती, चार मीटरच्या आतली. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप टेस्ट आहे, तिचा रिझल्ट मोठ्यांचा वेगळा आणि मुलांचा वेगळा येतो, तुम्ही मुलांचा आकडा आधी वाचा. आणि बाळासाठी चाइल्ड सीट घ्या, मागे तोंड करून लावायची, मागच्या सीटवर. मांडीवर घेऊन पुढे बसू नका, वाट्टेल तेवढे स्टार असले तरी, कारण ब्रेक दाबला की बाळ हातात राहत नाही, कुठल्याच आईच्या हातात राहत नाही. मागे बसणाऱ्यांनी पण बेल्ट लावायचा, तो कायदाच आहे, हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी नको, बेल्ट नसलेला मागचा माणूस पुढच्या सीटवर येऊन आदळतो आणि पुढच्यालाही मारतो.

आता बाहेरच्यांबद्दल, कारण तुमचं बाळ वर्षभरात गाडीच्या बाहेरच जास्त पळणार आहे. मी एक प्रयोग करून बघितला, तुम्हीही करा. एका मित्राची उंच बॉनेटची एसयूव्ही घेतली, मी ड्रायव्हर सीटवर बसलो, आणि त्याला सांगितलं अंघोळीची बादली गाडीच्या तोंडाशी ठेव आणि मी 'दिसली' म्हणेपर्यंत मागे मागे सरकव. बादलीचा काठ मला दिसला तेव्हा ती साधारण नऊ फूट लांब गेली होती. नऊ फूट! त्याच जागी माझी जुनी हॅचबॅक उभी केली तर साडेपाच फुटांवर दिसली. जमिनीवर बसून मातीत खेळणारं पोर बादलीपेक्षा किती उंच असतं? मी त्या दिवसापासून गाडी काढायच्या आधी एकदा पुढून चक्कर मारतो, मगच बसतो. तुमची उंची कमी असेल तर हे अंतर आणखी वाढतं, म्हणून ज्या गाडीत सीट वर-खाली होते तीच घ्या, आणि पुढचा कॅमेरा किंवा पुढचे सेन्सर असतील तर सनरूफ सोडून ते घ्या. मागचे सेन्सर आता सगळ्या गाड्यांत येतात, पुढचे नाही.

आणखी एक. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये अपघातांचा अभ्यास करून सांगितलं की ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचाच्या वर असतं त्यांची धडक बसली तर पायी चालणाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या तोंडाच्या गाडीपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त. बुटकी गाडी पायाला लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो, उंच गाडी छातीला लागते आणि माणूस खाली जातो. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४ टक्के टू-व्हीलरवरची आणि १९ टक्के पायी चालणारी. म्हणजे मरणाऱ्यात दहातली सहा माणसं गाडीत नव्हतीच. मिस्टरांची काळजी मला समजते, बाप आहेत ते. त्यांना एवढंच सांगा की सेफ गाडी निवडताना शेजारच्या पोराचा पण विचार करायचा, आणि मजबूत पण बेताच्या उंचीची गाडी मिळते, शोधावी लागते.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते. इथे आमच्या मराठी ग्रुपमध्ये पूर्वी सगळ्यांकडे मिनीव्हॅन होत्या, आता तीन रांगांच्या एसयूव्ही. मिनीव्हॅन जास्त सोयीची असूनही असं का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : सोयीची तर आहेच, सरकतं दार, खाली फ्लोअर, आजीला पण चढता येतं. क्रायस्लरने १९८३ च्या शेवटी ती आणली तेव्हा घराघरात गेली आणि तिथेच तिचं नाव 'आईची गाडी' असं पडलं, पुढच्या पिढीला ते नको झालं. पण त्यात तुमच्या तिकडच्या कायद्याचाही हात आहे. १९७५ च्या कायद्यातून गाड्यांना अ‍ॅव्हरेजचे नियम लागले त्यात कारला कडक आणि 'लाइट ट्रक'ला सैल, आणि एसयूव्ही ट्रकमध्ये धरली गेली. (मिनीव्हॅनलाही तो फायदा होता, पण एसयूव्हीत कंपन्यांना सुटायचे जास्त.) आपल्याकडे चार मीटरची रेष, तुमच्याकडे कार आणि ट्रकमधली रेष, गाडी कशी दिसणार हे दोन्हीकडे त्या रेषेनेच ठरवलं. भारतातून आई-बाबा येणार असतील तर मिनीव्हॅनच घ्या, मनापासून सांगतो.

प्रश्न : माझ्याकडं २०११ ची बोलेरो हाय, अडीच लाख किलोमीटर झाल्यात. शेती, दूध, खत, पाव्हणं, समदं तिच्यावरच. पोरगं म्हणतंय ही काढून टाका, सनरूफवाली मोठी घेऊ, रुबाब पडतो. काय करू?
(एक शेतकरी, तासगाव)

उत्तर : दादा, बोलेरो आणि पोराला हवी असलेली गाडी दिसायला एका जातीच्या असल्या तरी आतून वेगळ्या असतात. बोलेरोला खाली लोखंडी चॅसी आहे, ट्रकसारखी, आणि तिच्यावर बॉडी बसवलेली. नवीन गाड्यांत बहुतेकांची बॉडी हीच चॅसी असते, त्याने गाडी हलकी होते, रस्त्याला चिकटून चालते, अपघातात माणूस जास्त वाचतो, पण बांधावरून रोज दुधाचे कॅन आणि खताची पोती वाहायला ती केलेली नाही. तुमचं काम बघता मी विकू नका म्हणेन. इंजिनचा आवाज आणि धूर ठीक असेल तर क्लच, सस्पेन्शनचे बुश आणि ब्रेक एकदा नीट करून घ्या, पन्नास हजारांत गाडी पाच वर्षं पुढे जाते. पंधरा वर्षं पूर्ण झाली की आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, पाच वर्षांसाठी होतं, फी पाच हजार आणि वर पर्यावरण कर, मुदत संपायच्या आधीच जा म्हणजे दंड लागत नाही.

एक मात्र करा. बोलेरोच्या मागच्या आडव्या सीटांना बेल्ट नसतो आणि तुमच्या गाडीला एअरबॅगही नसणार. नातवंडं असतील तर त्यांना मागं बसवू नका, मधल्या सीटवर घ्या, आणि तालुक्याच्या पुढे लांब जायचं असेल, लग्नाला, पंढरपूरला, तर त्या दिवशी भाड्याची चांगली गाडी करा. पोराला रुबाब हवाय तर ती बोलेरो धुऊन, पॉलिश मारून, चारी टायर नवीन टाकून त्याच्या हातात द्या आणि एक महिना दुधाची फेरी त्यालाच मारायला सांगा. त्यानंतरही तो नवीनच मागत असेल तर मला परत पत्र टाका, गाडीचं नाव आणि ऑन रोड किंमत लिहून, आपण हप्त्याचा हिशेब मांडू.